दुखणे नसताना डॉक्टरांकडे: पन्नाशीनंतरच्या तपासण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये पन्नास ते पासष्ट या वयाच्या वाचकांची पत्रे बरीच आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच आहे: अजून तसे काही झालेले नाही, पण पुढे काही होऊ नये म्हणून आताच काय करावे? मी दवाखाना सुरू केला त्या काळात हा प्रश्न घेऊन कुणी पायरी चढल्याचे मला आठवत नाही. दवाखान्यात यायचे ते दुखणे घेऊन, आणि तेही आठ-पंधरा दिवस अंगावर काढून झाल्यावर, अशी आपली रीत. परंतु उच्च रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू, गर्भाशयमुखाचा कर्करोग हे या वयात ज्यांची खरी धास्ती बाळगावी असे आजार सुरुवातीची कित्येक वर्षे दुखतच नाहीत. माणूस ते नकळत अंगावर काढत असतो. म्हणून या अंकात याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा असून सांगलीत राहतो. येत्या मे महिन्यात सेवानिवृत्त होत आहे. पुण्यातील माझ्या मुलीने वाढदिवसाची भेट म्हणून, घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या एका प्रयोगशाळेचे ८० तपासण्यांचे पॅकेज माझ्यासाठी घेतले. अहवाल मोबाइलवर आला तेव्हा त्यात सात ठिकाणी लाल अक्षरे होती. ‘ड’ जीवनसत्त्व कमी, युरिक अ‍ॅसिड किंचित जास्त, आणि कर्करोगाशी संबंधित एक ट्यूमर मार्कर मर्यादेच्या थोडा वर. तेव्हापासून मला झोप नाही. आता स्कॅन करून घ्यावा का?

उत्तर: स्कॅनची घाई करू नका, आधी त्या लाल अक्षरांचा अर्थ समजून घ्या. अहवालात आकड्याशेजारी जी सामान्य मर्यादा छापलेली असते ती बहुतेक तपासण्यांसाठी अशी ठरवलेली असते, की निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे तिच्यात बसावेत. म्हणजेच ठणठणीत माणसांपैकीही शेकडा पाच जण त्या तपासणीत मर्यादेबाहेर दिसणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एखाद्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के भरते, आणि तुमच्या तर ८० झाल्या आहेत.

तुमच्या चिंतेचे मूळ त्या ट्यूमर मार्करमध्ये आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. हे मार्कर मुख्यतः ज्याच्या कर्करोगाचे निदान आधीच झालेले आहे त्याच्यावरील उपचार कसे लागू पडत आहेत हे पाहण्यासाठी वापरले जातात. कसलाही त्रास नसलेल्या माणसामध्ये कर्करोग हुडकून काढण्यासाठी त्यांतील बहुतेकांचा उपयोग होत नाही, कारण धूम्रपान, यकृताचे किंवा आतड्याचे साधे विकार अशा कारणांनीही ते वाढतात. असे मार्कर पॅकेजमध्ये सरसकट घालणे मला अयोग्य वाटते, कारण त्यातून निष्पन्न होते ते केवळ भय आणि त्या भयापोटी होणाऱ्या पुढच्या महागड्या तपासण्या. अहवाल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. वजन घटणे, भूक मंदावणे, शौचाच्या सवयीत बदल किंवा शौचावाटे रक्त जाणे असे काही असेल तर ते न लाजता सांगा. आणि त्यांना आवश्यक वाटल्यास तीच एक तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करा. सांधा सुजून ठणकत नसेल तर किंचित वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडसाठी गोळी लागत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व आपल्याकडे पुष्कळांचे कमी येते. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिले तर ते जरूर घ्यावे, परंतु ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक या हिशेबाने वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने चालू ठेवलेल्या लोकांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण आल्याचे मी पाहिले आहे.

आता त्या पॅकेजमध्ये काय नव्हते ते पाहू. त्यात तुमचा रक्तदाब नाही आणि कमरेचा घेर नाही. कुणी तुमच्या तोंडात बॅटरीचा प्रकाश टाकून पाहिलेले नाही, डोळ्यांतील दाब मोजलेला नाही, आणि तुमच्या वडिलांना किंवा भावाला हृदयविकार झाला असल्यास कितव्या वर्षी झाला, हे विचारलेले नाही. या सर्व गोष्टींचा खर्च नगण्य आहे आणि तुमच्या पुढच्या वीस वर्षांवर त्यांचा परिणाम त्या लाल अक्षरांपेक्षा कितीतरी अधिक होणार आहे.

त्याच अहवालात दोन गोष्टी मात्र शोधून काढा. पहिली, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी. उपाशीपोटी १०० पेक्षा कमी ही उत्तम, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, आणि १२६ किंवा अधिक ही पुन्हा तपासल्यावरही तशीच आली तर मधुमेहाची. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते, ते ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा, ६.५ किंवा अधिक असेल तर मधुमेह. रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवू शकतो, म्हणून तुमचे हिमोग्लोबिन कमी असेल तर ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला चालणे, जेवणातील बदल आणि थोडे वजन कमी करणे यांनी मागे फिरता येते किंवा मधुमेह बराच पुढे ढकलता येतो. म्हणून त्या आकड्याला मी अहवालातला सर्वांत मोलाचा आकडा मानते.

दुसरी गोष्ट कोलेस्टेरॉलची. तेथे केवळ लाल-काळे न पाहता, तुमचे वय, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि कुटुंबातील इतिहास यांच्यासह तो आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या. १३० हा एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा आकडा एका माणसासाठी केवळ लक्ष ठेवण्याजोगा असतो आणि दुसऱ्यासाठी औषध सुरू करण्याजोगा. छातीत दुखत नसताना, धाप लागत नसताना ट्रेडमिलवरची चाचणी करून घेण्याची सर्वांना गरज नाही. प्रोस्टेटच्या पीएसए या तपासणीचे फायदे व तोटे दोन्ही आहेत. ती पॅकेजमधून आपोआप होऊन जाण्याऐवजी तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

मुलीला माझ्या वतीने एवढेच सांगा की तिची माया पोचली, आणि पुढच्या वाढदिवसाला तिने त्या पैशांत दंडावर बांधायचे रक्तदाबाचे एक चांगले यंत्र द्यावे.

प्रश्न: मी ५५ वर्षांची शिक्षिका असून नाशिकला असते. घरी डिजिटल यंत्र आहे. त्यावर सकाळी १४८, दुपारी १३०, तर डॉक्टरांकडे गेल्यावर १६० असा वरचा रक्तदाब येतो. कोणता आकडा खरा धरावा? गोळ्या एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात, म्हणून मी टाळते आहे.

उत्तर: तिन्ही आकडे त्या त्या क्षणापुरते खरे आहेत आणि निर्णय घेण्यासाठी तिन्ही अपुरे आहेत. गेल्या महिन्यात माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. दोन जिने चढून आलेले, शर्टाची बाही दंडापर्यंत वळवून घट्ट झालेली, पायावर पाय टाकलेला, आणि मी पट्टा बांधत असताना ते मुलाच्या लग्नाच्या हॉलविषयी फोनवर बोलत होते. आकडा आला १६८. मी त्यांना बाही काढून, लघवीला जाऊन, पाठ टेकवून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसायला सांगितले. हात टेबलावर, छातीच्या मध्याच्या पातळीला ठेवला. तेव्हा पहिला आकडा १४६ आणि मिनिटभराने दुसरा १४२ आला. पट्टा तोच, यंत्रही तेच होते.

तुम्ही असे करा. सलग सात दिवस, सकाळी चहापूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी, वर लिहिल्याप्रमाणे बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा रक्तदाब मोजा आणि प्रत्येक आकडा तारीख-वेळेसह वहीत लिहा. चांगला आलेला लिहिला आणि वाईट आलेला सोडून दिला, असे करू नका. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम वर्ज्य. पट्टा कपड्यावर न बांधता उघड्या दंडावर बांधा, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागवा, कारण लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मनगटावरच्या यंत्रांवर मी विसंबत नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती दवाखान्यातील १४०/९० च्या तोडीची समजली जाते, आणि तेव्हा वही घेऊन डॉक्टरांकडे जायलाच हवे. सरासरी कमी भरली आणि केवळ दवाखान्यातच रक्तदाब वाढत असेल, तरीही वर्षातून दोन-तीनदा हा सात दिवसांचा क्रम करत राहा. अशा लोकांपैकी अनेकांना पुढे खरा उच्च रक्तदाब होतो.

गोळ्यांच्या भीतीविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. गोळी जन्मभर घ्यावी लागते, कारण रक्तदाबाची प्रवृत्ती जन्मभर राहते. गोळी टाळल्याने ती प्रवृत्ती जात नाही. केवळ मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना तिचा मार सोसावा लागतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वाचा गेलेल्या एका बाईंना मी अनेक महिने पाहत होते. त्याही शिक्षिकाच होत्या आणि त्यांच्या पर्समध्ये दोन वर्षांपूर्वीची, कधीही न आणलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सापडली होती.

मिठाकडेही वळा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचाभरापेक्षा कमी मीठ सुचवते, आणि यात आमटी-भाजीतले, भाकरीच्या पिठातले, लोणच्यातले आणि पापडातले असे सगळे मीठ आले. आपल्याकडे ताटात आधी मीठ वाढण्याची रीत आहे. निदान तुमच्या ताटापुरती ती बंद करा. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

प्रश्न: माझे यजमान ६० वर्षांचे आहेत. अंगाने सडपातळ, वजन ६० किलो, उंची पाच फूट सहा इंच. ते म्हणतात, मधुमेह आणि हृदयविकार जाड्या माणसांना होतो. माझे सासरे मात्र ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. यजमान दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू मळतात. मी काय करावे?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमच्या यजमानांचा हा समज पुष्कळ सुशिक्षित लोकांमध्येही आहे आणि तो दूर करणारे महत्त्वाचे काम आपल्या पुण्यातच झालेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघेही शेजारी उभे, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातली चरबी, अधिक असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच वजन जास्त मानतात. तुमच्या यजमानांचा बीएमआय २१ च्या आसपास येतो, म्हणजे वजनाच्या काट्याने काहीच कळणार नाही.

शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, शर्ट वर करून, श्वास सहज सोडल्यावर घेर मोजा. पोट आत ओढू देऊ नका. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर म्हणजे पोटात चरबी साठली आहे. टेप हातात आहेच, तर तुमचाही मोजून घ्या.

घेर कितीही आला, तरी तुमच्या सासऱ्यांचे वय या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोका स्वतंत्रपणे मोजावा लागतो. यजमानांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या महिन्यातच तपासून घ्या, आणि रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या लिपोप्रोटीन-ए या कणाची तपासणी आयुष्यात एकदा करावी का, हे डॉक्टरांना विचारा. ते प्रामुख्याने आनुवंशिक असते आणि आहाराने फारसे बदलत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करावे लागत नाही.

तंबाखूविषयी. त्यांना आरशासमोर उभे करा, मोबाइलची बॅटरी लावा, आणि ओठ उलटवून, गालांच्या आतून, हिरड्यांवर, जिभेच्या दोन्ही कडांना आणि जिभेखाली नीट पाहा. जेथे ते तंबाखूची गोळी ठेवतात ती जागा विशेष पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेला व्रण, गाठ, किंवा आपली तीन बोटे उभी धरून तोंडात न मावणे, यांपैकी एकही आढळले तर दंतवैद्यांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जा. चट्टा दुखत नाही म्हणून थांबू नका; सुरुवातीचा चट्टा बहुधा दुखत नाही. तंबाखू सोडण्यासाठी आता औषधांचीही मदत मिळते. पहिल्या प्रयत्नात सुटली नाही तर त्यांना दूषण देऊ नका. पुष्कळांना अनेक वेळा प्रयत्न करावा लागतो.

प्रश्न: मी ५६ वर्षांची असून धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. पाळी जाऊन चार वर्षे झाली. गेल्या दोन महिन्यांत दोन वेळा थोडे लाल डाग दिसले. कुठे दुखत नाही. गावातल्या आशाताई तपासणीला बोलावतात, पण या वयात असली तपासणी करून घेण्याची लाज वाटते. सूनबाई म्हणते, दाखवून घ्या. हे पत्रही तिनेच लिहून दिले आहे.

उत्तर: ताई, तुमच्या सुनेचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक डागदेखील दिसला, तर तो तपासून घ्यावाच लागतो, मग दुखत असो वा नसो. बहुतेक स्त्रियांमध्ये त्याचे कारण साधे असते. संप्रेरके कमी झाल्याने आतील आवरण पातळ झालेले असते. पण काहींमध्ये तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा पहिला संकेत असतो, आणि या टप्प्यावर पकडला तर शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तेथे आतून तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा लहानसा नमुना घेणे, एवढे होईल. सुनेला सोबत न्या आणि तिला आत तुमच्याजवळ थांबू द्या. तसे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आशाताई बोलावतात ती तपासणी याहून वेगळी आहे आणि तीही तुम्हाला हवी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, तर स्त्रियांमध्ये स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी विनामूल्य करण्याची सरकारी योजना आहे. आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुमच्या जिल्ह्याबाहेरच्या लोकांना अधिक ठाऊक आहे. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होते. त्या जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला; मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो त्याची तपासणी ज्या गावांतील स्त्रियांसाठी एकदाच केली गेली, त्या गावांत या कर्करोगाने होणारे मृत्यू, अभ्यासाने तपासणी न केलेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आज जागतिक आरोग्य संघटना जगभरातील स्त्रियांना एचपीव्हीची तपासणी करून घ्या असे सांगते, त्यामागे ज्या अभ्यासांचा आधार आहे त्यांत तुमच्या आसपासच्या गावांतील, कदाचित तुमच्याच वयाच्या, लाज बाजूला ठेवून तपासणीला आलेल्या स्त्रिया आहेत. मी जेव्हा जेव्हा हे आकडे वाचते तेव्हा मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते.

स्तनांच्या तपासणीचेही तसेच आहे. मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि वीस वर्षे चाललेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, किरण नाहीत. शिकलेले दोन हात आणि पाच-दहा मिनिटे. शहरात मॅमोग्राफीची सोय आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावी, पण ती सोय नाही म्हणून काहीच होऊ शकत नाही, असे समजू नका.

आणखी एक विचारते. तुमच्या भागात पुष्कळ जणी सकाळी मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. तुम्हीही लावत असाल तर तपासणीच्या वेळी ते सांगा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे.

प्रश्न: मोठ्यांनाही लसी असतात असे ऐकले. माझे वय ६२, मधुमेह आहे. कोणत्या घ्याव्यात? (ठाणे)

उत्तर: प्रथम फ्लूची, दरवर्षी एकदा. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू बळावतो, म्हणून एप्रिल-मे हा काळ सोयीचा. त्यानंतर न्यूमोकोकल न्यूमोनियाची. मधुमेह असल्याने तुम्ही पासष्टीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नागिणीची लस पन्नाशीनंतर घेता येते आणि तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने असतात. ती महाग आहे, परंतु नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने राहणाऱ्या आगीने रात्ररात्र बसून काढणारे रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून परवडत असेल तर घ्या असेच मी सांगेन. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी. शेवटची कधी घेतली हे वहीत लिहून ठेवलेत, तर प्रत्येक खरचटण्याला नवे इंजेक्शन घ्यावे लागणार नाही.

प्रश्न: सोसायटीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून माझी हाडे ‘ठिसूळ’ ठरवली आणि तेथेच कॅल्शियमच्या गोळ्या विकत दिल्या. मी ५३ वर्षांची आहे. घेऊ का?

उत्तर: टाचेवरच्या यंत्राने हाडांच्या ठिसूळपणाचे निदान होत नाही, ते कंबर आणि खुब्याच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीने होते. पाळी लवकर थांबली असेल, साध्या पडण्याने हाड मोडले असेल, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतली असतील किंवा आईचा खुबा मोडला असेल तर ही तपासणी आताच करण्याविषयी डॉक्टरांशी बोला. यांपैकी काही नसेल तर ती साठीनंतर केली तरी चालेल. तोवर नाचणी, दूध, ताक, तीळ यांतून कॅल्शियम मिळवा आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना भार द्या. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठता येते का, ते आजच पाहा.

प्रश्न: मी टोरांटोला असतो. आई ६१ आणि बाबा ६५ वर्षांचे असून रत्नागिरीजवळ गावी राहतात. बाबांनी दहा वर्षांत एकही तपासणी केलेली नाही. ‘मला काही झालेले नाही, उगाच पैसे घालवू नकोस’ असे म्हणून ते फोन ठेवतात. मी येथूनच एखादे पॅकेज बुक करून माणूस घरी पाठवू का?

उत्तर: पाठवू नका. त्यांच्या नकळत आलेला माणूस ते अंगणातूनच परत पाठवतील आणि पुढे हा विषयच काढू देणार नाहीत. मला दिसते त्याप्रमाणे अशा नकारामागे पैशांपेक्षा भीती अधिक असते. त्यांच्या बरोबरीचा कुणी तपासणीला म्हणून गेला आणि परत आलाच नाही, असे काही त्यांनी पाहिले आहे का, हे एकदा शांतपणे विचारा आणि ते बोलतील तेवढा वेळ मध्ये बोलू नका.

त्यानंतर ज्या गोष्टीत त्यांना गोडी आहे तेथून सुरुवात करा. ते वर्तमानपत्र वाचत असतील, स्कूटर चालवत असतील, तर डोळ्यांची तपासणी सुचवा. मोतीबिंदू माणसाला जाणवतो. काचबिंदू मात्र कडेची नजर गुपचूप खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून डोळ्यांतील दाब आणि मागच्या नसेची तपासणी चाळिशीनंतर ठरावीक काळाने करायची असते. टीव्हीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जात असेल, तर कानांचीही तपासणी करून घ्या. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत कमी ऐकू येणे हेही एक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस रक्तदाब मोजून घ्यायला सहसा नाही म्हणत नाही.

तुमचे स्वतःचे आकडे तुम्हाला ठाऊक आहेत का? नसतील तर आधी ते मोजा आणि फोनवर बाबांना सांगा. मुलाने हिशेब दिला की बापाला आपला हिशेब द्यावासा वाटतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक दोनशे पानी वही घेऊन जा. पहिल्या पानावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात घरातल्या कुणाला कोणता आजार कितव्या वर्षी झाला, स्वतःच्या शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे आणि चालू औषधे लिहावीत. पुढच्या पानांवर तारीख आणि आकडे. वही त्यांच्या कपाटात राहू द्या, तुमच्या मोबाइलमध्ये नको. कोणत्या डॉक्टरांकडे जायचे हेही त्यांनाच ठरवू द्या. तालुक्याच्या ठिकाणचे ओळखीचे डॉक्टर त्यांना जवळचे वाटत असतील, तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा आग्रह धरू नका.

तुमच्या पत्रात आईचा उल्लेख केवळ वयापुरता आहे. माझ्या दवाखान्यात रुग्णाच्या खुर्चीशेजारी एक स्टूल आहे आणि त्यावर बहुधा नवऱ्याची फाइल मांडीवर धरून बायको बसलेली असते. त्याच्या गोळ्यांची नावे, वेळा, पथ्ये सगळे तिला पाठ असते. त्याचे आटोपले की मी तिचा पदर बाजूला घ्यायला सांगून तिच्या दंडावर पट्टा बांधते, आणि ‘माझे कशाला, मी यांच्यासोबत आले आहे’ असे ती म्हणते. कितीतरी वेळा त्या दिवशी गोळ्या नवऱ्याऐवजी तिला सुरू कराव्या लागल्या आहेत. म्हणून वह्या दोन घेऊन जा, आणि येत्या रविवारी फोन कराल तेव्हा आईचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे आधी विचारा.